चारशे एकतीस दिवसांचं सफरचंद

मानवजातीच्या इतिहासात सत्याचा निर्विवाद विजय आजवर एकदाच झाला, आणि तो १२ फेब्रुवारी २०३६ रोजी पुण्यात झाला. मंगळवार होता. विजयाला एकूण अकरा माणसं हजर होती. त्यांतली चार पत्रकार होती, पाच संस्थेचीच होती आणि दोघं चुकून आली होती; शेजारच्या सभागृहात मधमाशीपालनाचं शिबिर होतं आणि तिथे बटाटेवडे होते.

एका फळसाठवण संशोधन संस्थेचे प्रमुख शास्त्रज्ञ शशिकांत फडतरे यांनी काडेपेटीएवढं एक यंत्र पेरूला टेकवलं. यंत्र ‘टिंग’ म्हणालं आणि त्याच्या इवल्याशा पडद्यावर तीन आकडे उमटले. यंत्राचं नाव ‘पारखी’.

फडतरे सत्तावन्न वर्षांचे होते. त्यांतली तीस वर्षं त्यांनी फळं सडू न देण्यात घालवली होती, त्यामुळे त्यांना कसलीच घाई नसे. बोलण्याचीही.

“आपल्याला वाटतं, तोडलं की फळ मेलं,” ते म्हणाले. “ते मरत नाही. ते श्वास घेत राहतं, आणि ठेवणीतलं खात राहतं. त्या ठेवणीतली सगळ्यांत नाजूक चीज म्हणजे सी जीवनसत्त्व. हवा लागली की जातं, ऊब लागली की जातं, चिरलं की जातं, शिजवलं की जातं. तांब्याच्या भांड्यात ठेवलं तर फारच लवकर जातं.”

“आणि फ्रिजमध्ये?” एका पत्रकार बाईंनी विचारलं.

“फ्रिजमध्ये हळू जातं.”

“पण जातंच?”

“जातंच.”

मग त्यांनी फळांची प्रतवारी सांगितली. आवळा पहिला, त्याच्या जवळपास फिरकणारं दुसरं फळ आपल्याकडे नाही. मग पेरू: शंभर ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या पुढे, आणि माणसाला दिवसाला लागतं साठ-सत्तर. संत्र्यात पन्नासच्या आसपास, पण साल जाड आणि रस आंबट, म्हणून त्याचं सी पुष्कळ दिवस टिकतं. पेरूचं मात्र आठवड्याभरात ओसरू लागतं. आणि सफरचंदात मुळात चार-पाच. प्राणवायू कमी केलेल्या थंड खोलीत सफरचंद वर्षभर झोपवून ठेवता येतं; उठतं तेव्हा दिसायला तस्संच लालबुंद असतं, आत एखादा मिलिग्रॅम उरलेला.

“म्हणजे सफरचंदाकडे हरवण्यासारखं फारसं काही नसतंच,” फडतरे म्हणाले. हा त्यांचा विनोद होता. कोणी लिहून घेतला नाही.

पारखीचं काम असं चाले: यंत्र फळावर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकी आणि परत आलेल्या उजेडात काय काय कमी झालं ते बघे. चाळीस हजार फळं आधी मोजून आणि मग पिळून त्याला हे शिकवलेलं होतं. पडद्यावरचा पहिला आकडा, सी किती उरलं. दुसरा, तोडून किती दिवस झाले. तिसऱ्यावरून मात्र संस्थेत सहा महिने वाद चालला होता.

त्याचं झालं असं की, फळ थंडीतून उबेत आणि उबेतून पुन्हा थंडीत गेलं की त्याच्या सालीखालच्या रंगद्रव्यावर एक बारीकसा ओरखडा राहतो. झाडाच्या खोडात जशी वर्षांची वळं, तशी सालीत ही थंडीची वळं. प्रत्येक वळाबरोबर सी थोडं जास्त जातं. तेव्हा वळं मोजल्याशिवाय पहिला आकडा बरोबर येईना. फडतऱ्यांनी त्याला नाव दिलं ‘शीतचक्रे’.

“सर, हा आकडा आत ठेवू,” यंत्राची सगळी जोडणी करणारी रेश्मा मुजावर म्हणाली होती. ती पस्तिशीची होती आणि संस्थेत सरांना ‘नको’ म्हणणारी एकटीच होती. “हिशेबाला लागतो ना, मग हिशेबात राहू दे. पडद्यावर नको.”

“का?”

“लोक वाचतील.”

“वाचण्यासाठीच असतो आकडा. विज्ञानात लपवाछपवी नसते, रेश्मा.”

“विज्ञानात नसते, सर,” रेश्मा म्हणाली. “घरात असते.”

आकडा पडद्यावर आला.

पहिले दोन महिने पारखी कोणी विकत घेईना. मग कोथरूडमधल्या एका गृहस्थांनी पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर भेटीला आलेल्या सफरचंदांना सहज यंत्र टेकवलं. शीतचक्रे: पाच. गृहस्थ एका विमा कंपनीत आयुष्य काढलेले. त्यांनी बसल्याबसल्या उलगडा केला, की फळ एका फ्रिजमधून दुसऱ्या फ्रिजमध्ये गेलं की एक वळ पडतं; अर्थात हे सफरचंद पाच घरं फिरून आलेलं आहे. त्यांनी पाचही घरं शोधून काढली. दुसरं घर त्यांचं स्वतःचं होतं. होळीच्या सुमारास साडूच्या हर्नियाला त्यांनीच नेलेली ती फळं होती.

त्या दिवसापासून शीतचक्रांना महाराष्ट्रात कोणी शीतचक्रे म्हटलं नाही. ‘घरं’ म्हणू लागले.

पेशंटला बघायला जाताना फळं न्यायची, पेशंटने ती खायची नाहीत, आणि त्याच्या घरच्यांनी ती पुढच्या पेशंटकडे न्यायची, ही आपल्याकडची पद्धत काही वाईट नव्हती. तीत कोणी फसत नव्हतं, कारण सगळेच फसत होते. पारखीने ते मोडलं. इस्पितळांसमोरच्या गाड्यांवर पाट्या लागल्या: ‘शून्य घरं, थेट बागेतून’. ओटीत आलेल्या फळांना न्हाणीघरात नेऊन यंत्र लावणाऱ्या सुना निघाल्या, आणि तसं करताना त्यांना पकडणाऱ्या सासवाही. एका पुढाऱ्याच्या सत्कारातली करंडी नऊ घरांची निघाली; चौकशीअंती असं कळलं की करंडी सत्कार समितीच्या मालकीची असून बदलतात ते फक्त पुढारी.

वर्षअखेर संस्थेने पाहणी केली. दोन हजार वापरणाऱ्यांपैकी शहाण्णव टक्क्यांना तिसरा आकडा म्हणजे काय हे नीट ठाऊक होतं. पहिला आकडा म्हणजे काय, हे तीन टक्क्यांना. उरलेल्या बहुतेकांना पहिला आकडा म्हणजे बाहेरचं तापमान वाटत होतं.

रेश्मा ‘मी म्हटलं होतं’ असं एकदाही म्हणाली नाही. तिने पाहणीचा तक्ता फडतऱ्यांना ईमेलने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘माहितीसाठी’.

फडतऱ्यांनी मनाला फार लावून घेतलं नाही. त्यांना वाटायचं, ज्याचं खरं त्याला कसली भीती. ते स्वतः कोणाकडे फिरवलेलं फळ कधी नेत नसत. ते एकाच माणसाकडे फळं नेत, आणि ती फळं त्यांना कोणी भेट दिलेली नसत.

ती संस्थेची असत. संस्थेत दरसाल प्रयोग चालायचे: सफरचंद अमुक इतके महिने, तमुक इतक्या थंडीत. प्रयोग संपला की उरलेल्या फळांची विल्हेवाट लावायची, असा नियम होता. विल्हेवाट म्हणजे ज्याला हवी त्याने पेटी घरी न्यायची आणि वहीत ‘योग्य प्रकारे’ असं लिहून सही करायची. शिपायापासून संचालकापर्यंत सगळे योग्य प्रकारे विल्हेवाट लावत. फडतऱ्यांच्या घरी मात्र ती फळं कोणी खात नसे. त्यांची बायको मृणाल म्हणायची, “लाकडाचा भुसा खाल्ल्यासारखं लागतं.” म्हणून ते दर दिवाळीला शीतकक्ष चारमधली एक पेटी थेट गाडीत टाकत आणि कोरेगावला वहिनींकडे नेत.

हौसावहिनी म्हणजे फडतऱ्यांच्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि फडतरे सहा वर्षांचे. आई नव्हती. त्यांना न्हाऊ-माखू घालणं, शाळेत सोडणं, पुढे परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठवून दिव्यापाशी बसवणं, सगळं तिने केलं. परसातल्या झाडाचे पेरू ती गव्हाच्या कणगीत पुरून ठेवायची आणि पेपरला जाताना एक खिशात घालायची. “ह्यानं डोकं चालतंय,” असं तिचं शास्त्र होतं. डोकं पेरूने चाललं की कशाने, कोणी तपासलं नाही, पण चाललं.

थोरला भाऊ जाऊन बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून दर हिवाळ्यात वहिनी पेरूची एक पेटी सुतळीने करकचून बांधून एसटीच्या पार्सलात घालत. फडतरे स्वारगेटवरून ती आणवून घेत. मृणालला पेरूचा वास सहन होत नसे. संस्थेचे ड्रायव्हर पाटोळे यांना होत असे. पेटी पाटोळ्यांच्या घरी जाई. अशी अकरा वर्षं.

यात काही चुकतंय असं फडतऱ्यांना कधी वाटलं नव्हतं. फळाची नासाडी होत नव्हती, आणि त्यांचं शास्त्र तेवढंच बघायचं.

डिसेंबर २०३७ मध्ये फोन आला.

“सर, मी नीलम बर्गे. कोरेगावला आरोग्यसेविका आहे, तुमच्या गल्लीचं काम माझ्याकडं. तुमच्या वहिनींच्या हिरड्यांतनं रक्त येतंय. पोटऱ्यांवर निळे डाग पडल्यात. डॉक्टरांनी तपासलं. स्कर्व्ही म्हणाले. सी कमी पडलं की होतो तो.”

फडतऱ्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी आपलं पुस्तकात वाचलेलं, गलबतावरच्या खलाशांना होतो म्हणून,” नीलम म्हणाली. “कोरेगावात समुद्र न्हाई, सर.”

“त्या खातात काय?”

“चहात भाकरी. दात सगळे गेलेत, कवळी टोचती म्हणून लावत न्हाईत. पेरूच्या बिया हिरड्यांत जातात, लिंबू झोंबतं, भाजी चावत न्हाई. रोज एक सफरचंद तेवढं खातात. तेबी शिजवून, साखर घालून. म्हटलं, आजी, बाकीचं काहीच कसं खात न्हाई? तर म्हणाल्या, आमच्या भावजींनी सांगितलंय, रोज यातलं एक खा, बाकी काही खाल्लं न्हाई तरी चालतंय. आता फळातला एवढा मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर त्या माझं कशाला ऐकतील?”

फडतऱ्यांना आठवलं. तीन वर्षांपूर्वी ते दारात उभे होते, एक पाय गाडीत होता, आणि वहिनी विचारत होत्या की एवढ्या सफरचंदांचं करू काय.

“आणि सर, आमच्याकडं दिवाळीनंतर पारखी आलीय. शनिवारी गल्लीत तपासणी ठेवलीय, घरोघरची फळं घेऊन यायची. यंत्र बनवणारा माणूस आपल्याच गल्लीतला, म्हणून वहिनींनी पहिलं सफरचंद आपलं लावायचं असं ठरवलंय. त्यांनी शिल्लक ठेवल्यात पाच-सहा. तुम्ही याच.”

फोन ठेवल्यावर फडतऱ्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. त्या सफरचंदांची तोड ३० सप्टेंबर २०३६ ची. मग ते उठले, रेश्माच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दार लावून घेण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी ते आधी उलट्या बाजूने ओढलं.

“रेश्मा, एखाद्या गावच्या यंत्राचं माप इथून बदलता येतं ना?”

“येतं, सर.”

“कोरेगावचं. एका दिवसापुरतं. जरा वर सरकवायचं.”

“किती वर?”

“सी साधारण चारवर. आणि दिवस शंभराच्या आत.”

रेश्माने टाइप करायला घेतलं. “होईल. कारण काय लिहू?”

“लिहायलाच हवं का?”

“त्याशिवाय पुढे जात नाही. तुम्हीच तसं करायला लावलं होतं. कारणाच्या चौकोनात कमीत कमी दहा अक्षरं लागतात.”

फडतऱ्यांनी बोटांवर अक्षरं मोजली. ‘घरगुती’ची चार होत होती. ‘लाज वाटते’ची पाच.

“राहू दे,” ते म्हणाले.

“बरं, सर.” रेश्माने पडद्यावरून नजर हटवली नाही. “कोण आजारी आहे?”

“माझ्या वहिनी. स्कर्व्ही झालाय.”

आता तिने मान वर केली. “मग गोळ्या सुरू झाल्या का?”

फोनवर फडतऱ्यांनी ते विचारलंच नव्हतं.

शनिवारी ते संस्थेच्या गाडीने निघाले. प्रवासाचं कारण ‘क्षेत्रभेट’ असं दिलं. गाडी पाटोळे चालवत होते, आणि कात्रजपासून शिरवळपर्यंत त्यांनी एकट्यानेच गप्पा मारल्या. फडतऱ्यांनी वाटेत एका गाडीवरून आवळे आणि संत्री घेतली. गाडीवाल्याने आपणहून यंत्र लावून दाखवलं: घरं शून्य. फडतऱ्यांनी पहिला आकडा विचारला तेव्हा तो म्हणाला, “ते काय, तापमान असतंय साहेब.”

गल्लीत मारुतीच्या देवळापुढे टेबल मांडलं होतं. त्यावर पांढरी चादर, चादरीवर पारखी, पारखीला झेंडूची माळ. वीस-पंचवीस बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. हौसावहिनी खुर्चीवर बसल्या होत्या. नेसूचं ठेवणीतलं होतं. सत्तरीतल्या बाईने जेवढं बारीक असावं त्याच्यापेक्षा त्या बारीक दिसत होत्या, आणि हसताना तोंडावर पदर घेत होत्या.

“आला का भावजी! वाईच वाळलाय तुम्ही.”

“वहिनी, गोळ्या घेताय ना?”

“त्या नीलमनं दिल्यात. चोखायच्या हायत, पोरांच्या गोळीवानी. आदी हे बघा.” त्यांनी मांडीवरच्या फडक्यातून एक सफरचंद काढलं. थोडं सुरकुतलेलं होतं, पण पुसून पुसून चकाकत होतं.

समोरच्या घरातल्या द्वारकाकाकू म्हणाल्या, “हौसा, लई मिरवतीस गं. निघू दे आता घरं. माझ्या जावयानं आणलेली डाळिंबं तीन घरची निघाली. शेजारच्या पोरीसमोर मला मान खाली घालाया लागली.”

“तुजा जावई दुकानदार. आमचं भावजी शास्त्रज्ञ हायत.”

फडतरे म्हणाले, “नीलमताई, आधी पेरू घेऊ या का? पेरूत सी—”

“न्हाई,” वहिनी म्हणाल्या. “पैलं ह्येच.”

नीलमने यंत्र टेकवलं. टिंग झालं. तिने मोठ्याने वाचलं.

“सी, एक. दिवस, चारशे एकतीस.” ती थबकली. मग तिचा आवाज चढला. “घरं, एक!”

बाया सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

“एक?”

“एकच घर! पुण्यास्नं आलेलं, आणि एकच घर!”

“मंजे कुणाकडनं आलेलं न्हाई. स्वताचंच.”

“आन् चारशे दिवस!” द्वारकाकाकूंनी गालावर हात ठेवला. “बया! वरीसभर जपून ठिवलं म्हन की वैनीसाठी.”

हौसावहिनींनी पदर तोंडावरून काढला. त्यांच्या हिरड्या लालभडक सुजलेल्या होत्या आणि त्या हसत होत्या. “मी काय सांगत हुते? भावजींचं काम असंच आसतंय. एकशे एक टक्का.”

नीलम एकटीच पहिल्या आकड्याकडे बघत होती. तिने फडतऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी चादरीवरच्या झेंडूकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी पुष्कळ ठिकाणी भाषणं केली होती. आत्ता दोन वाक्यं पुरली असती. की ते एक घर म्हणजे शीतकक्ष क्रमांक चार. की ही फळं त्यांच्या स्वतःच्या फ्रिजमध्ये एक रात्रसुद्धा राहिली नाहीत, म्हणून तर आकडा एकवर थांबला.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. फडतऱ्यांनी हात जोडले.

तपासणी अर्ध्या तासात आटोपली. कोणाची दोन घरं, कोणाची चार. बाया एकमेकींकडे बघून हसल्या, दोघींचं बोलणं बंद झालं. मग वहिनींनी परसातल्या पेरूंची ताटं फिरवली. फोडींवर तिखटमीठ होतं. नीलमने एका पेरूला यंत्र लावलं: सी, दोनशे अकरा, दिवस, शून्य, घरं, शून्य. ते कोणी ऐकलं नाही, कारण तो गल्लीतलाच पेरू होता.

“ड्रायव्हरदादा, तुमीबी घ्या की,” वहिनी पाटोळ्यांना म्हणाल्या. “गाडीत काय बसलाय? आवडतो का पेरू?”

पाटोळे एकसष्ट वर्षांचे होते. निवृत्तीनंतर संस्थेने त्यांना करारावर ठेवलं होतं. त्यांनी फोड नाही, अख्खा पेरू उचलला आणि कचकन चावा घेतला. आवाज देवळापर्यंत गेला.

“आवडतो म्हणजे काय, आजी! अकरा वर्षं तुमचेच पेरू खातोय.”

“माजे?”

“मग! पेटी आली की साहेब तशीच माझ्या हाती देतात. सुतळीसुद्धा सोडत न्हाईत. घरी लेकी वाट बघत असतात, आता नातवंडंही बघतात. लई मोठं मन आहे साहेबांचं.”

हे ते मनापासून म्हणाले. फडतऱ्यांच्या लक्षात आलं, की पाटोळे कधीच खोटं बोलत नाहीत, आणि ही गोष्ट आपण त्यांच्या गोपनीय अहवालात दरवर्षी गुण म्हणून लिहीत आलो आहोत.

बायांचे हात ताटापाशीच थांबले.

“तशीच?” वहिनींनी विचारलं.

“तशीच,” पाटोळे म्हणाले आणि दुसरा चावा घेतला.

“बरं झालं,” वहिनी म्हणाल्या. “वाया न्हाई गेले.” त्यांनी ताट द्वारकाकाकूंच्या हातात दिलं आणि खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. द्वारकाकाकूंना बोलायला भरपूर जागा होती, पण त्या बोलल्या नाहीत. त्यांनी नुसतं ताट धरलं.

फडतरे वहिनींच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर सहाव्या वर्षापासून ओळखीचं पितळेचं पातेलं होतं. त्यात शिजवलेलं सफरचंद होतं, साखरेच्या पाकात.

“वहिनी,” ते म्हणाले, “ती सफरचंदं प्रयोगातली उरलेली असतात. टाकून द्यायची. त्यांत काही नसतं. मी जे खा म्हणालो ते… मला निघायची घाई होती.”

वहिनींनी पातेल्यातला पाक चमच्याने ढवळला.

“मग ते येक घर?”

“संस्थेचं गोदाम.”

“तुमचं घर न्हाई?”

“नाही. माझ्या घरी ती कधी आलीच नाहीत. गाडीत टाकून थेट इकडे.”

“म्हंजे ते येकबी तुमचं न्हाई.”

“नाही.”

वहिनींनी पातेलं उचललं. आता ओततील, असं फडतऱ्यांना वाटलं. ओतलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी त्यावर झाकण ठेवलं आणि ते शिंकाळ्यात ठेवलं. घरात आलेलं अन्न त्या टाकत नसत.

“गल्लीला काय सांगू नका,” त्या म्हणाल्या. “द्वारकीला मला वरीसभर तोंड द्यावं लागंल.”

“बरं.”

“रोज शिजवताना म्हनायची मी, चव कशी न्हाई ह्याला. मग म्हनायची, शास्त्राचं फळ हाय, चवीचं नसंल.” जरा वेळाने त्यांनी विचारलं, “त्या ड्रायव्हरचं वय काय?”

“एकसष्ट.”

“दात लई चांगलं हायत.”

“हो.”

“दिसलं.”

बाहेर निघताना गाडीपाशी पेरूची पेटी तयार होती. दर हिवाळ्यात असे तशीच, सुतळीने करकचून बांधलेली. वहिनींनी ती सकाळीच बांधली असणार. फडतऱ्यांनी दोन्ही हात पुढे केले. वहिनी त्यांच्याजवळून पुढे गेल्या आणि पेटी पाटोळ्यांच्या हातात दिली.

“आवं आजी, साहेबांना द्या,” पाटोळे म्हणाले.

“कशाला?” वहिनी म्हणाल्या. “उगं येक घर वाढतंय.”

फडतऱ्यांनी आणलेले आवळे आणि संत्री तिथेच ओट्यावर राहिली होती. आवळा वहिनींना चावणार नव्हता आणि संत्रं झोंबणार होतं, हे गाडी सुटल्यावर फडतऱ्यांच्या लक्षात आलं. परतीच्या वाटेवर पाटोळेही फारसं बोलले नाहीत. खंबाटकीच्या बोगद्यात त्यांनी एकदाच विचारलं, “साहेब, माझं काही चुकलं का?”

“नाही,” फडतरे म्हणाले.

गाडीभर पेरूचा वास होता. पुण्यापर्यंत त्यांनी काच खाली केली नाही.

जानेवारीत नीलमचा फोन आला. वहिनींच्या हिरड्या भरून आल्या होत्या, डाग गेले होते. दिवसाला एक गोळी, तीन आठवडे. सरकारी दवाखान्यात मिळते तीच. फडतऱ्यांनी तसल्या गोळ्यांची एक पट्टी मागवून घेतली. गोळी नारिंगी होती, तिला संत्र्याचा वास होता, आणि एकीत पाचशे मिलिग्रॅम सी होतं. एक गोळी त्यांनी टेबलावर ठेवली आणि तिला पारखी टेकवली.

टिंग झालं नाही. पडद्यावर अक्षरं आली: ‘हे फळ नाही.’